चाकपट्टीचं पुढे काय झालं

घरपट्टीचं देयक आलं की आमच्या घरी ते आधी आई वाचते. नुसती शेवटची रक्कम बघून ती कागद बाजूला ठेवत नाही. एकेका ओळीवर बोट ठेवत जाते: सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. गेल्या खेपेला बोट या पथ करापाशी थांबलं. "पथकर म्हणजे टोलनाक्यावर गाडीवाले देतात तो ना? आपल्याकडे कुठे गाडी आहे?"

हा पथ कर वेगळा, घरासमोरच्या रस्त्यासाठीचा, असं मी सांगितलं. ती उठली आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तिच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, जुनी कागदपत्रं असतात. तळाशी एक छोटा पत्र्याचा बिल्ला होता, कडेला भोक पाडलेला. वर वर्ष आणि क्रमांक ठोकलेला. "हा अण्णांच्या सायकलचा. पुण्यात दर वर्षी पैसे भरून घ्यावा लागायचा. बिल्ला नसला की चौकात सायकल अडवायचे. चाकं होती म्हणून कर होता. आता चाकं नाहीत तरी कर आहे!"

तिने ते सहज म्हटलं, पण त्या एका वाक्यात शहराच्या रस्त्याचा सगळा हिशेब आहे. रस्त्याचा खर्च कोणी उचलायचा? रस्त्यावर ज्याचं घर आहे त्याने, ज्याचं चाक त्यावरून फिरतं त्याने, की ज्याचा माल त्यावरून येतो त्याने? मुंबईने दीडशेहून अधिक वर्षांत ही तिन्ही उत्तरं देऊन पाहिली. त्यांची नावं घरपट्टी, चाकपट्टी आणि जकात. पहिली अजून दारात येते. तिसरी आमच्या डोळ्यांदेखत गेली. मधली मात्र अशी हरवली की आज बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नाही, आणि मला शोध तिचाच घ्यायचा होता.

पट्टी हा शब्द आधी बघायला हवा. गावाने मिळून एखादं काम काढायचं, त्याचा खर्च घरटी वाटून घ्यायचा, ती पट्टी. देवळाचा जीर्णोद्धार असो की विहिरीचा उपसा, 'पट्टी काढली' असं आजही खेड्यात म्हणतात. पेशवाईत राज्यावर कर्ज झालं तेव्हा ते फेडायला जी जादा वसुली झाली तिला कर्जपट्टी म्हणत. म्हणजे पट्टीला मुळापासून एक कारण चिकटलेलं असतं. कशासाठी काढली हे देणाऱ्याला माहीत असतं, आणि काम झालं की नाही हे तो स्वतः जाऊन बघू शकतो. जकातीचं तसं नाही. हा शब्द अरबी जकातवरून आला, मूळ अर्थ धर्मादाय दानाचा. आपल्याकडे मात्र तो नाक्यावरच्या वसुलीचा झाला. नाक्यावर दिलेला पैसा पुढे कुठे गेला, हे देणाऱ्याला कधी कळत नाही.

मुंबईत रस्त्याच्या पैशाची पहिली मोठी गोष्ट कराची नाही, देणगीची आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, लोक होड्यांतून जा-ये करत, पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. तिथे बांध घालायला सरकारकडे पैसे नव्हते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी तो खर्च उचलला. आधीचा अंदाज १ लाखाचा होता, तो अर्ध्या वाटेत संपला, तेव्हा त्यांनी आणखी ५७ हजार दिले. १८४५ साली बांध खुला झाला. पैसे देताना त्यांची अट होती की इथून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. बैलगाडीवाला असो, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण असो, वाट सगळ्यांना सारखी मोकळी. मला ही अट फार मोलाची वाटते. त्या काळात पुलावर, घाटात, बंदरावर वाट वापरण्याचे पैसे घेणं ही रीतच होती. आवाबाईंनी ती रीत स्वतःच्या पैशाने मोडली.

पण प्रत्येक रस्त्याला आवाबाई कुठून मिळणार? १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहर फुगलं, आणि गटारं, दिवे, रस्ते यांचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. १८६५च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला, सट्टेबाज बुडाले. क्रॉफर्ड मात्र थांबले नाहीत. बाजार बांधला, रस्ते रुंद केले, शहराची सफाई हाती घेतली. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, देणी थकली, आणि १८७१ साली करदात्यांनी आवाज उठवला. त्यांचा राग समजण्यासारखा होता: पट्टी आमच्याकडून काढता, मग खर्च करताना आम्हाला का विचारत नाही?

तरुण फिरोजशहा मेहता या वादात उतरले. क्रॉफर्डना सगळेच झोडपत असताना त्यांनी बाजू घेतली ती क्रॉफर्डच्या कामाची. दोष त्या माणसात नाही, रचनेत आहे. करदात्यांनी निवडून दिलेली सभा नेमा, असं त्यांचं म्हणणं. १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली, त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले. १८८८च्या कायद्याने सभासद ७२ झाले. तो कायदा घडवण्यात मेहतांचा हात मोठा होता, आणि मुंबई आजही, कितीतरी दुरुस्त्यांसकट, त्याच कायद्यावर चालते. सार्वजनिक रस्ते, पूल, मोऱ्या बांधणं आणि राखणं हे कलम ६१ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत बसवलं आहे. मन झालं तर करायचं, असल्या कामांत ते नाही.

चाकपट्टी याच काळातली. इंग्रजी कागदांत तिला व्हील टॅक्स म्हणत. दोन चाकी गाडी, चार चाकी गाडी, घोडा, खेचर अशी वर्गवारी असायची आणि त्याप्रमाणे महापालिका पट्टी घ्यायची. हिशेब साधा होता. रस्ता झिजतो तो चाकाने आणि खुराने, तर चाकाने आणि खुराने पैसे द्यावेत. पण मला खरी चमकवणारी गोष्ट पुढची वाटली. १८८८च्या कायद्यात मतदार कोण, तर ठरावीक रकमेपेक्षा जास्त घरपट्टी किंवा चाकपट्टी भरणारा. बग्गीवाल्याने चाकांचे पैसे भरले की नगरसेवक निवडायचा हक्क त्याला मिळे. चाळीतला भाडेकरू, हमाल, गिरणीत पायी जाणारा कामगार यांना तो नव्हता. पायी चालणाऱ्याचं चाक नाही, म्हणून पट्टी नाही, म्हणून मत नाही. मुंबईत प्रौढ मतदानाने महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडलं. तोवर फूटपाथ कुठे हवा हे ठरवणाऱ्या सभेत फूटपाथवरून चालणाऱ्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. आपल्या शहरांच्या अंगात ही गोष्ट किती खोल मुरली आहे याचा विचार मी पुष्कळ वेळा करतो.

ट्राम आली ९ मे १८७४ रोजी. घोडे ओढायचे. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. भाडं सुरुवातीला ३ आणे, पुढे कमी झालं. ट्राम खासगी कंपनीची होती, पण रूळ महापालिकेच्या रस्त्यात घातलेले, म्हणून कंपनी महापालिकेला भाडं द्यायची. महापालिकेच्या जमाखर्चात घरपट्टी आणि चाकपट्टीसोबत ट्रामचं भाडं हीही एक बाब असे. रस्ता ही शहराची मालमत्ता आहे आणि तिच्यावर धंदा करायचा तर शहराला मोबदला द्यायचा, ही समज त्या नोंदीत आहे. आज रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी राहणारी हजारो वाहनं पाहिली की ती नोंद मला हटकून आठवते.

मग प्लेग आला, १८९६ साली. माणसं मेली, निम्मं शहर पळालं, आणि दाट वस्तीतून हवा खेळवायची म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याने गर्दीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, आणि उत्तरेला दादर, माटुंगा, शीव या भागांत शेतं आणि खाचरं होती तिथे आखीव वस्त्या वसवल्या. सरकारने आणि महापालिकेने जमिनी दिल्या, शिवाय महापालिकेने आपल्या करातून दर वर्षी हिस्सा द्यायचा असं ठरलं. म्हणजे गिरगावातल्या घरमालकाच्या पट्टीतला काही पैसा दादरच्या उसाच्या आणि भाताच्या जागी रस्ते आखायला गेला. गिरगावकरांनी कुरकुर केलीही असेल. पण आज हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत जाऊन बघा. आखणी करतानाच फूटपाथला जागा सोडलेली आहे, कडेला झाडांना जागा सोडलेली आहे. दोन माणसं बोलत चालत असली तरी तिसऱ्याला शेजारून जाता येतं. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजताही सावलीतून चालता येतं. फूटपाथ ही रस्ता झाल्यावर उरलेल्या जागेत बसवायची वस्तू नव्हे, तो आधी आखायचा असतो, हे तिथे पायांना कळतं. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला.

आणि दोनच वर्षांनी चाकपट्टीवर घाव पडला.

१९२०च्या दशकात मुंबईत मोटारी वाढल्या. बसही आली, १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. मोटार एका शहरात थांबत नाही. पुण्याची मोटार मुंबईत आली तर पट्टी कोणाची? ठाण्यात वेगळी, पनवेलला वेगळी, प्रत्येक हद्दीत नवा टोल, असा गोंधळ होऊ लागला. त्यावर तोडगा म्हणून प्रांतिक सरकारने १९३५ साली मुंबई मोटार वाहन कर कायदा केला. मोटारींवरचा कर प्रांताने घ्यायचा, नगरपालिकांनी मोटारींवर आपली पट्टी लावायची नाही, आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या बदल्यात त्यांना भरपाई मिळायची. कायद्यामागचं कारण खरं होतं, हे मान्य केलंच पाहिजे. पण भरपाई ठरते ती गेलेल्या दिवसांच्या उत्पन्नावर. मोटारी वाढत गेल्या, रस्ते झिजत गेले, आणि त्या वाढीचं फळ मात्र शहराच्या तिजोरीत येईनासं झालं. आज मुंबईत ४० लाखांहून अधिक वाहनं नोंदलेली आहेत. त्यांचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि ज्या गल्लीतून ती धावतात तिचं डांबर शहराने घालायचं असतं.

नगरपालिकांच्या हाती मग कुठली चाकं उरली? इंजिन नसलेली. टांगा, बैलगाडी, हातगाडी आणि सायकल. अण्णांचा बिल्ला तिथला आहे. पुण्यात सायकली हजारोंनी होत्या, सायकलींचं शहर म्हणून ते ओळखलं जायचं, आणि कामगार, कारकून, शाळामास्तर रांगेत उभे राहून दर वर्षी बिल्ला घ्यायचे. आई सांगते, अण्णा नवा बिल्ला आला की जुना फेकत नसत, वर्षाचा आकडा बघून डब्यात टाकत. एका बाजूला मोटारवाल्याचा कर शहराच्या हातून सुटलेला, दुसऱ्या बाजूला रस्ता सगळ्यात कमी झिजवणाऱ्या चाकावर शहराची पट्टी. हे कोणी मुद्दाम ठरवून केलं असं मी म्हणत नाही. जे सोपं होतं ते राहिलं. पण अन्याय झाला तो झालाच, आणि तो अण्णांसारख्यांवर झाला. पुढे सायकलींबरोबर बिल्लेही गेले.

मुंबईत त्या सुमारास दुसरी एक व्यवस्था आकार घेत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने वीज आणि ट्राम-बसची कंपनी ताब्यात घेतली. तीच आपली बेस्ट. शहर भागात, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, वीज बेस्टची. बस सगळ्या मुंबईत. विजेत नफा व्हायचा, बसमध्ये तूट यायची, आणि पहिल्यातून दुसरी भागायची. या व्यवस्थेला कोणी पट्टी म्हटलं नाही, पण ती पट्टीच होती. परळच्या चाळीत दिवा लागला की गोवंडीची बस चालायला हातभार लागायचा. ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बंद झाली, बस मात्र या आधारावर अनेक दशकं वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात धावली.

या रचनेत एक खोट होती आणि ती झाकून चालणार नाही. विजेचे पैसे फक्त शहर भागातले ग्राहक देत, बसचा फायदा उपनगरांनाही. २००३च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर ठरवणं नियामक आयोगाकडे गेलं, ग्राहकाने फक्त विजेचा खर्च द्यावा ही भूमिका पुढे आली, आणि वाद कोर्टापर्यंत पोचले. काही वर्षं बेस्टच्या वीजबिलात वाहतुकीची तूट भरून काढायचा वेगळा आकार दिसायचा. मला तो आकार आवडायचा, कारण तो लपलेला नव्हता. बिलावर स्पष्ट लिहिलेलं असे की एवढे पैसे बससाठी. पुढे तोही बंद झाला. त्या जागी सगळ्या मुंबईकरांना सारखी लागू होणारी, बससाठीच राखून ठेवलेली एखादी पट्टी यायला हवी होती. ती आली नाही. तेव्हापासून बेस्ट महापालिकेच्या अनुदानावर आहे. २०१९च्या जुलैत महापालिकेच्या मदतीच्या भरवशावर किमान भाडं ५ रुपये झालं, बसमध्ये पुन्हा गर्दी झाली, लोकांनी मनापासून स्वागत केलं. ९ मे २०२५ पासून तेच भाडं १० रुपये आहे. दीड दशकापूर्वी ४ हजारांहून जास्त बसगाड्या होत्या, आता ३ हजारसुद्धा उरल्या नाहीत. अनुदान मागावं लागतं, आणि मागणाऱ्याला नेहमी कमीच मिळतं.

बरं, पैसा बसकडे येत नाही एवढंच नाही. बसकडून तो बाहेरही जातो. एसटीच्या तिकिटावर राज्याचा साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. बेस्टच्या प्रवाशाकडून बालपोषणासाठी अधिभार घेतला जातो, तोही राज्याकडे जातो. मुलांना आहार मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण तो बसने जाणाऱ्या मोलकरणीच्या तिकिटातून का, हा प्रश्न मला सुटत नाही. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरातल्या पगारदारांच्या पैशातून दुष्काळी भागातल्या मजुराला काम. तो कर भरताना त्याचं कारण माहीत होतं आणि कारण अभिमान वाटावा असं होतं. म्हणजे कारणाशी बांधलेला कर उभा करायची ताकद या राज्यात आहे. ती शहराच्या बससाठी आणि फूटपाथसाठी वापरली गेली नाही, इतकंच.

जकातीचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांना आठवत असेल. मालावरचे नगर-शुल्क मुंबईत जुनेच होते. १९२० मध्ये बीडीडी चाळींसाठी कापसाच्या गाठीमागे १ रुपया लावला गेला होता. पुढे १९६५ पासून पूर्ण जकात आली आणि ती महापालिकेच्या उत्पन्नाचा कणा झाली. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा, धूर, वेळेची नासाडी, चिरीमिरी, हे सगळं खरं होतं. पुण्यात ती १ एप्रिल २०१३ पासून एलबीटीत, म्हणजे स्थानिक संस्था करात, बदलली, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, दोन वर्षांत एलबीटीही बहुतांशी गेला. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर जकात संपली. चार दिवसांनी, ५ जुलैला, राज्याने महापालिकेला भरपाईचा पहिला धनादेश दिला, सुमारे ६४७ कोटींचा. भरपाई दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असं कायद्यात आहे, त्यामुळे १९३५पेक्षा हा सौदा बरा म्हणायचा. पण घडलं तेच. शहराच्या हातातली, शहराबरोबर वाढणारी वसुली गेली आणि तिच्या जागी वरून येणारा हप्ता आला. १९३५ मध्ये चाक गेलं, २०१७ मध्ये माल गेला. घर तेवढं उरलं. त्या घरपट्टीतूनही २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं वगळली गेली. लहान घराला सूट मिळाली याचा मला आनंद आहे. पण त्या ओळींतला पथ करही त्याबरोबर गेला, आणि त्याची जागा दुसऱ्या कुठल्या चाकाने भरली नाही.

टोलची कथा याच्या अगदी उलट दिशेने गेली. १९९०च्या दशकाअखेरीस मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधले गेले, आणि त्यांचा खर्च वसूल करायला २००२ पासून शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर पथकर सुरू झाला. मोटारीचं चाक पुन्हा पैसे देऊ लागलं. पण ते पैसे महापालिकेकडे नव्हते, राज्याच्या रस्ते महामंडळाकडे होते, आणि ते पुलांसाठी होते. पुलांवरून बहुतेक मोटारीच धावतात, आणि पुलाखालचा पादचारी तसाच राहिला. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना या पाचही नाक्यांवर पथकर माफ झाला. त्या रात्री नाक्यांवर मोटारींनी हॉर्न वाजवून आनंद व्यक्त केला असेल, मला तेव्हा आवाबाई आठवल्या. त्यांनी माफी दिली ती स्वतःचे दीड लाख मोजून, आणि ती पायी चालणाऱ्यालाही होती.

आता शहरी वाहतुकीसाठी म्हणून स्पष्ट नाव घेऊन लावलेली एक वसुली आपल्याकडे आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे १ एप्रिल २०२२ पासून घराच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का अधिभार लागतो. लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात. मुंबईत ५ चे ६ टक्के झाले ते त्यामुळे. मेट्रो मला हवी आहे, आणि तिच्यामुळे जमिनीचे भाव वाढतात तर त्या वाढीतला वाटा तिला मिळावा, हे तर्काला धरून आहे. अडचण वसुलीच्या वेळेची आहे. ज्याचं घर स्थानकाशेजारी आधीपासून आहे आणि ज्याने ते विकलं नाही, तो एक पैसा देत नाही. आयुष्यात एकदाच कर्ज काढून घर घेणारी जोडी मात्र ६० लाखांच्या घरावर ६० हजार देते. आणि हा पैसा मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. स्थानकातून घरापर्यंतच्या फूटपाथला, शेअर रिक्षाच्या रांगेला, बसथांब्याच्या शेडला त्यातून काय मिळतं ते शोधावं लागेल. वांद्र्याला २००८ मध्ये पहिला स्कायवॉक झाला, नंतर मुंबई परिसरात आणखी कित्येक झाले. पादचाऱ्यासाठी पैसा निघाला तेव्हाही त्याला जमिनीवरून उचलून वर पाठवण्यासाठी निघाला. १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा रस्ता महापालिकेने सुमारे १४ हजार कोटींना बांधला. पैसा नाही असं कोणी म्हणू नये.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगे फूटपाथ असणं हा संविधानाच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खंडपीठात न्या. अभय ओक होते. ठाण्यात वाढलेल्या, मुंबई उच्च न्यायालयात असताना रस्ते-फूटपाथांवर बोललेल्या न्यायमूर्तींनी ते म्हणावं याचं मला समाधान वाटलं. हक्क मिळाला. त्याच्यासमोर पट्टीची ओळ अजून कोणी लिहिलेली नाही.

परवा आईला घेऊन हिंदू कॉलनीत तिच्या मावसबहिणीकडे गेलो होतो. परतताना मी टॅक्सी बघू लागलो तर ती म्हणाली, "चालू या, इथे चालायला बरं वाटतं." आम्ही झाडांखालून सावकाश चालत खोदादाद सर्कलपर्यंत आलो. वाटेत एकदाही तिला फूटपाथवरून खाली उतरावं लागलं नाही. थांब्यावर पंधरा-वीस माणसं होती, बराच वेळ बस नव्हती. आली तेव्हा वाहकाने दोन तिकिटं दिली, दहा-दहा रुपयांची. आईने तिकीट उलटंसुलटं करून वाचलं, घरपट्टीचं वाचते तसंच, एकेका ओळीवर बोट ठेवून, आणि घरी आल्यावर अण्णांच्या डब्यात बिल्ल्यापाशी ठेवून दिलं.